शनिवारची आई

मागच्या खेपेला साखरांब्याबद्दल लिहिलं, त्यावर पुष्कळ पत्रं आली. पाक पुढं गेला तर काय करावं, हे विचारणाऱ्या भगिनींना एकदमच उत्तर देऊन टाकते. थोडं कढत पाणी घाला, मंद आचेवर पुन्हा एकतारी होऊ द्या आणि लगेच उतरवा. साखरांबा वाया जात नाही. पण या गठ्ठ्यात एक पत्र असं निघालं की, तो साखरांबा बाजूलाच राहिला.

लिहिणारीचं नाव-गाव सांगत नाही, तिनंच तशी विनंती केलीय. वय बत्तीस, डी.एड. झालेली. लग्नानंतर सात वर्षं घरीच होती. आता शाळेत नोकरी मिळतेय, पण एका आडगावात. रोज जाऊन-येऊन जमण्यासारखं नाही, आठवडाभर तिथं खोली करून राहावं लागणार. मुलगी चार वर्षांची आहे. सासूबाई सांभाळायला तयार आहेत आणि नवरा म्हणतो, 'तू ठरव.' (हे 'तू ठरव' म्हणणं किती सोपं, नाही? ठरवून चुकलं की चूक आपली!) पत्राच्या शेवटी तिनं एकच वाक्य वेगळ्या ओळीवर लिहिलंय, 'ताई, मुलगी मला विसरेल का हो?'

मी उत्तर लिहिलं होतं. मन घट्ट करा, दिवस जातील, वगैरे चार ओळी. मग फाडून टाकलं. कारण असं एक मूल आमच्याच घरात आहे. ते आता त्रेचाळीस वर्षांचं आहे, रांजणगावच्या कारखान्यात पाळीनं कामाला जातं आणि त्याला मी 'अहो' म्हणते.

आमच्या सासूबाई शिरूर तालुक्यात प्राथमिक शिक्षिका होत्या. शिरूर म्हणजे घोडनदी, जुनी माणसं अजून तेच नाव घेतात. घोड नदीच्या काठचं गाव, एके काळी इंग्रजांची छावणी. तिथल्या कर्नल वॉलेसच्या समाधीला लोक देवासारखे मानत आले. १ जून १९४८ ला राज्यातली पहिली एसटी पुण्याहून नगरला गेली, ती याच गावावरून. पण रेल्वे काही शिरूरला कधी आली नाही. ती दौंडला. मनमाडकडे जाणारा फाटा १८७८ साली निघाला आणि तेव्हापासून दौंड म्हणजे जंक्शन. पुण्याकडून येणाऱ्या गाडीचं इंजिन तिथं काढून उलट्या टोकाला लावायचं, मग ती नगर-मनमाडकडे निघायची. आता कॉर्ड लाईन झाली, म्हणून काही गाड्यांची ती कटकट वाचली. तर आईंचं माहेर आणि नोकरी शिरूर तालुक्यात, सासर दौंडला. दोन्ही एकाच पुणे जिल्ह्यात, नकाशावर बोटाच्या पेराएवढं अंतर. पण त्या पेरात त्यांच्या आयुष्याची दहा वर्षं गेली.

त्या १९७२ साली अकरावी मॅट्रिक झाल्या. तेच दुष्काळाचं साल. घरची माणसं खडी फोडायच्या कामावर, आणि ताटात अमेरिकेहून आलेल्या लाल मायलोची भाकरी. 'घशाखाली उतरायची नाही, पण उतरवायची,' असं त्या अजून म्हणतात. पुण्याला डी.एड. केलं आणि १९७४ च्या जूनमध्ये एका खेड्यात, दोन शिक्षकांच्या शाळेत रुजू झाल्या. एक गुरुजी आणि एक बाई. चार इयत्ता, त्यातल्या दोन मारुतीच्या देवळात आणि दोन शेजारच्या खोलीत. सगळ्यांत अवघड काम शिकवण्याचं नव्हतं, असं त्या सांगतात. सुकडी शिजवून वाटायची, जनगणनेला दारोदार फिरायचं, मतदारयाद्या लिहायच्या. १९७६ साली तर कुटुंबनियोजनाच्या केसेस आणा म्हणून शिक्षकांच्या मागं ससेमिरा लागला होता. लग्न न झालेली एकवीस वर्षांची पोरगी, तिनं कुणाच्या दारात जाऊन काय सांगायचं? 'मी दारात उभी राहायचे आणि पाणी मागायचे. पाणी पिऊन परत यायचे.' एवढंच सांगतात आणि हसतात.

१९७९ साली लग्न झालं. मामंजी दौंडला रेल्वेत. आधी फायरमन, पुढं ड्रायव्हर. रात्री-बेरात्री कॉलबॉय येऊन दार वाजवायचा आणि डबा घेऊन निघायचं, तिकडं मनमाड नाहीतर सोलापूरच्या रनिंग रूममध्ये झोपायचं. घरात सासू-सासरे, दोन दीर, दोन नणंदा. आणि पगार नक्की ठरलेल्या तारखेला येणारी दोनच माणसं, त्यांतली एक नवी सून. मग तिनं नोकरी सोडावी असं कुणाच्या मनात येणार? बदलीचा अर्ज करायचा, मिळेल वर्षा-दोन वर्षांत, असं सगळे म्हणाले. तोवर आठवडाभर तिकडं, शनिवार-रविवार इकडं.

हे असं १९८९ पर्यंत चाललं.

मैत्रिणींनो, या शनिवार-सोमवारचं वर्णन मी आईंच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की, मीच तो प्रवास केला असं वाटतं. शनिवारी सकाळची शाळा. ती सुटली की चार किलोमीटर चालत फाट्यावर यायचं. मिळेल त्या गाडीनं न्हावरं, तिथून पारगाववरून भीमा ओलांडून केडगाव-चौफुला, आणि चौफुल्याला दौंडची गाडी. दिवेलागणीला घरी. रविवार धुण्यात. वाफेच्या इंजिनांची काजळी दौंडच्या दोरीवरच्या प्रत्येक कपड्यावर बसायची, म्हणून पांढरं सगळं घरात वाळत घालायचं. रविवारी रात्रीच दशम्या करून ठेवायच्या आणि सोमवारी अंधारात पहिली एसटी.

त्यांच्या दशम्यांची रीत इथं सांगून टाकते, परगावी नोकरी करणारीला उपयोगी पडेल. कणकेत तेलाचं मोहन, मीठ, थोडा ओवा. पीठ नुसत्या दुधात भिजवायचं, पाण्याचा थेंबही लावायचा नाही. जरा जाडसर लाटून तेलावर खमंग भाजायच्या आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावायचं नाही. दोन-तीन दिवस मऊ राहतात. सोबत लसणाची कोरडी शेंगदाणा चटणी. आईंचं सोमवार ते बुधवार यावरच निघायचं. गुरुवारपासून स्टोव्हवर खिचडी.

१९८२ साली ह्यांचा जन्म झाला. त्या वेळी बाळंतपणाची रजा तीन महिन्यांची. ती संपली, आणखी जेवढी अर्जित रजा होती ती संपली, आणि सहा महिन्यांचं मूल सासूच्या मांडीवर ठेवून आई पहिल्या एसटीत बसल्या.

पुढचं मी ह्यांच्याकडून ऐकलंय, आणि तेही लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी. ह्यांनी आईला 'आई' म्हटलंच नाही. आई म्हणजे आजी. शनिवारी येणारी ती 'बाई'. कारण घरी येणारं-जाणारं माणूस विचारायचं, 'बाई आल्या का? बाई गेल्या का?' दौंडमध्ये दीर-नणंदांच्या त्या वहिनी, शाळेत बाई, आणि पोटच्या पोरालाही बाईच. गोवर आला तेव्हा निरोप द्यायला दारात फोन नव्हता. चौफुल्याच्या कंडक्टरकडं चिठ्ठी दिली, ती न्हावऱ्याच्या कंडक्टरकडं गेली, तिथून एका दूधवाल्याकडं. चिठ्ठी पोचली तिसऱ्या दिवशी. आई आल्या तेव्हा ताप उतरला होता आणि पोरगं आजीच्या पदराखाली शिरून बसलं होतं. ह्यांना तो दिवस आठवतो म्हणतात. चार वर्षांच्या मुलाला खरंच आठवतं, की पुढं ऐकून ऐकून आठवायला लागतं, कोण जाणे. पण बोलताना ह्यांचा आवाज बदलतो, तो काही ऐकीव नसतो.

आता मूळ गोष्टीकडं वळते. मी शिरूरला एका शाळेत अर्धा दिवस शिकवते, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. यंदा उन्हाळ्यात मला पूर्ण दिवसाच्या कामाबद्दल विचारणा झाली. शाळा न्हावऱ्याच्या पलीकडं. राहायला नको, पण सकाळी पावणेसातला घर सोडायचं आणि परत यायला साडेपाच-सहा. मुलगी नऊ वर्षांची, धाकटा चार. मी हे जेवताना सहज सांगितल्यासारखं सांगितलं. (सहज कुठलं! दोन दिवस वाक्य जुळवत होते.) हे म्हणाले, 'पैशाची एवढी गरज आहे का आपल्याला?' मी म्हटलं, 'गरजेचंच नाही.' त्यावर घास खाली ठेवून म्हणाले, 'माझी पोरं शनिवारच्या आईची होणार नाहीत.'

आई तेव्हा आमच्याकडंच होत्या, नातवंडांच्या सुट्टीसाठी आलेल्या. समोरच बसलेल्या. त्यांनी ताक वाढून घेतलं, भात कालवला, पूर्ण जेवल्या. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी कामापुरतं सोडून काही बोलल्या नाहीत.

तुम्हाला कल्पना नाही यायची, आमच्या आई गप्प बसणं म्हणजे काय. आजेसासूबाई गेल्यापासून दौंडच्या घराचा सगळा कारभार त्यांच्याकडं आहे. दोन्ही नणंदांची लग्नं त्यांच्या पगारावर झाली, धाकट्या दिरांचं शिक्षण त्यांनीच केलं, शिक्षकांच्या पतसंस्थेचं कर्ज काढून घराच्या मागच्या दोन खोल्या बांधल्या. २०१३ साली मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या तरी कारभार संपला नाही. सोलापूरचे दीर प्लॉट विकायचा तर आधी वहिनीला फोन करतात. दिवाळीला तेवीस माणसं जमतात आणि फराळाचा हिशेब त्यांच्या वहीत गेल्या वर्षीच्या रकमेशेजारी लिहिलेला असतो. चुलत सुनांमध्ये वाद झाला तर दोघींना एकत्र बसवून शेंगा सोलायला लावतात आणि शेंगा संपेपर्यंत उठू देत नाहीत. मला पहिल्या वर्षी त्यांचा फार धाक वाटायचा, अजूनही थोडा वाटतो. शिक्षिका सासू म्हणजे चपातीसुद्धा तपासायला ठेवल्यासारखी वाटते!

तिसऱ्या दिवशी ह्यांची दुसरी पाळी होती, सकाळी घरी होते. आई मेथी निवडत होत्या. निवडता निवडताच म्हणाल्या, 'तुला एक सांगायचं राहिलंय. तुझ्या आजीलापण नव्हतं सांगितलं.'

मग त्यांनी सांगितलं ते असं. १९८६ साली त्यांच्या बदलीचा हुकूम निघाला होता. दौंडपासून सात-आठ किलोमीटरवरची शाळा. रोज घरी. हुकूम शाळेत आला त्या आठवड्यात गावातली चार-पाच माणसं शाळेत आली. चौथीत त्या वर्षी सात मुली होत्या. त्या गावातून इतक्या मुली चौथीपर्यंत कधी आल्याच नव्हत्या. तिसरीत गेली की पोर धाकट्या भावंडांना सांभाळायला नाहीतर खुरपणीला. या सात जणी आल्या, कारण आईंनी पहिलीपासून एकेकीच्या घरी जाऊन आणल्या होत्या. त्यांच्या घरच्यांनी सरळ सांगितलं, बाई आहेत म्हणून पाठवतो, बाई गेल्या तर पोरी काढून घेऊ. दोन्ही शिक्षक गुरुजी असतील तर नको. आईंनी दोन रात्री विचार केला आणि बदली रद्द करावी असा अर्ज दिला. एक वर्ष थांबते म्हणून. चौथीची परीक्षा होऊ दे, पोरी शेजारच्या गावच्या पाचवीत घालून देते आणि मग जाते.

'एक वर्ष म्हणून मागितलं,' आई म्हणाल्या, 'ती जागा दुसऱ्या कुणाला गेली. परत मिळायला तीन वर्षं लागली.'

घरी मात्र सगळ्यांना हेच माहीत होतं की, बदली होत नाही. मामंजींनाही तेवढंच. दर शनिवारी कुणी ना कुणी विचारायचं, आणि त्या 'अर्ज केलाय' म्हणायच्या.

हे उभेच होते. मला वाटलं, आता मोठ्यानं बोलतील. पण ह्यांनी विचारलं, 'त्या सातजणींची नावं आठवतात तुला?' आईंनी मेथीची जुडी खाली ठेवली आणि सातही नावं सांगितली, आडनावांसकट, हजेरीपटाच्या क्रमानं. ह्यांनी पुन्हा विचारलं, 'काय झालं त्यांचं?' त्या म्हणाल्या, 'पाच जणी सातवीपर्यंत गेल्या. दोघींची शाळा तशीही सुटली. एकीचं चौदाव्या वर्षी लग्न लावलं. एक आता अंगणवाडीत आहे, भेटते कधी बाजारात.'

हे पाण्याची मोटर बघायला म्हणून बाहेर गेले. मोटर बंद होती, पाणी येण्याची वेळच नव्हती ती. तिथून तसेच कामावर गेले.

मैत्रिणींनो, मी कुणाची बाजू घ्यावी? सून म्हणून, बायको म्हणून, की शिक्षिका म्हणून? खरं सांगते, पहिल्यांदा मला आईंचा रागच आला. सात पोरींसाठी थांबलात, मग आठव्याचं काय? ते तुमचंच होतं ना? आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, आपल्याच शाळेत त्या एकतिसाव्या वर्षी असत्या आणि आपल्याला विचारलं असतं, तर आपण काय सांगितलं असतं? मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई दौंडला जायला निघाल्या. मी सोडायला गेले. बायकांना एसटीत निम्मं तिकीट झाल्यापासून, म्हणजे १७ मार्च २०२३ पासून, आई गाडी करू देत नाहीत. खिडकीशी बसल्या आणि न्हावऱ्यापर्यंत बोलल्या नाहीत. पारगावच्या पुलावरून भीमा दिसली, पुढं उसाच्या गाड्या आणि गुऱ्हाळांचा वास लागला. केडगावात गाडी थांबली, तेव्हा म्हणाल्या, 'इथं मी दर वर्षी पोरींची सहल आणायचे. बेटावर नारायण महाराजांचं दत्ताचं देऊळ आणि मुक्ती मिशन.'

पंडिता रमाबाईंचं नाव आपल्याला शाळेपासून माहीत असतं, पण त्यांचं मुक्ती मिशन दौंड तालुक्यातल्या या केडगावात आहे, हे पुष्कळ जणींच्या ध्यानात नसतं. १८५८ साली जन्मलेली ही बाई. वडिलांनी त्या काळात मुलींना संस्कृत शिकवलं. आईवडील दुष्काळात गेले. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. दोन वर्षांनी लग्न, १८८१ साली मुलगी मनोरमा आणि १८८२ साली वैधव्य. कडेवर पोर घेऊन पुण्यात आर्य महिला समाज काढला, पुढच्या वर्षी इंग्लंड गाठलं, तिथून अमेरिका. ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढं महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन रमाबाईंनी उपाशी पोरी गोळा करून आणल्या आणि केडगावच्या शेतावर ठेवल्या. शाळा, विणकाम, शेती, छापखाना सगळं पोरींच्या हातानं. त्यांचं धर्मांतर कुणाला पटो न पटो, त्यावर तेव्हाही पुण्यात रण माजलं होतं. पण शेकडो मुलींची ही एक आई होती, हे नाकारता येत नाही.

'आणि तिची स्वतःची पोर?' आई म्हणाल्या. 'मनोरमा. रमाबाई चेल्टनहॅमला शिकत होत्या, संस्कृत शिकवत होत्या, तेव्हा ती बराच काळ वाँटिजच्या जोगिणींकडं ठेवलेली. तीन-चार वर्षांची पोर. मी चरित्रात वाचलं तेव्हा तेवढं पान दोनदा वाचलं.' मनोरमा मोठी झाली, परदेशात शिकून आली, आईच्याच कामाला लागली. शारदा सदनची शाळा तिनं चालवली, गुलबर्ग्याला शाळा काढली. जुलै १९२१ मध्ये ती गेली आणि एप्रिल १९२२ मध्ये आई.

गाडी सुटली. चौफुला आलं, ती कलाकेंद्रांच्या पाट्या असलेली रस्त्याकडेची रांग गेली. तेव्हा आई बाहेर बघतच म्हणाल्या, 'मनोरमेला कुणी विचारलं असेल का गं, की तुला चाललं का म्हणून? मी नाही विचारलं कधी.'

त्या पुढच्या शनिवारी हे एकटेच दौंडला गेले. सुट्टी नव्हती, मागून घेतली. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. ह्यांनी सांगितलं नाही आणि मी खोदून विचारलं नाही. रविवारी रात्री परत आले ते केडगावचा गूळ आणि आईंचा जुना दशम्यांचा डबा घेऊन. पितळी, वर कडीचा. डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, 'कधीपासून जायचंय तुला?' एवढंच. समेट झाला, गळ्यात पडून रडले, असलं काही मी लिहिणार नाही, कारण मी पाहिलेलं नाही. अजूनही आईंच्या फोनवर ह्यांचं बोलणं दोन मिनिटांत संपतं. पण त्या दिवशी फोन ठेवताना, 'बरं बाई, ठेवतो' म्हणाले, आणि पलीकडून आई हसल्याचं मला ऐकू आलं.

तर पत्र लिहिणाऱ्या भगिनी, तुझं उत्तर मी आईंनाच विचारलं. त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते, त्यांचा क्रम माझ्या लेखाच्या क्रमासारखा नसतो.

पहिलं म्हणजे मुलीला एकदा तरी तुझी शाळा आणि खोली दाखव, जूनच्या आधीच. 'मी नाही नेलं त्याला कधी. प्रवास दगदगीचा म्हणून. त्याला वाटायचं, शिरूर म्हणजे कुठंतरी काळोख आहे आणि आई त्यात जाते.' ह्यांनी शाळा पहिल्यांदा पाहिली ती १९८९ साली, निरोपाच्या दिवशी. सात वर्षांचे होते. शाळेतल्या पोरी 'आमच्या बाई, आमच्या बाई' म्हणून रडत होत्या, तर हे मध्ये घुसले आणि आईंचा पदर घट्ट धरून ओरडले, 'माझी आहे ती!' त्या दिवसापासून 'आई' म्हणायला लागले, असं आई सांगतात. हे म्हणतात, मला नाही आठवत.

दुसरं, पोर तुला काय हाक मारतं याकडं पहिल्या दिवसापासून लक्ष दे. सासूबाईंना 'आजी'च म्हणू दे आणि हे त्यांनाच प्रेमानं सांग. त्यांनाही सुखच वाटेल. हल्ली फोनवर चेहरा दिसतो ही मोठी सोय, पण रोज एकच वेळ ठरव आणि ती चुकवू नकोस. पोर वाट बघतं, फोन उशिरा आला की रुसतं, आणि रुसलेलं पोर फोनमधून समजावता येत नाही. शनिवारी येताना खेळणी आणू नकोस. 'मी आणायचे. मग तो माझी पिशवी बघायचा, माझ्याकडं बघायचा नाही.'

सासूबाईंच्या हातावर दर महिन्याला ठरावीक रक्कम ठेव, घरखर्चाची वेगळी आणि त्यांच्या स्वतःची वेगळी. पोर सांभाळणं हे काम आहे. आईंच्या सासूबाईंना कुणी दिली नाही, आईंनाही सुचलं नाही, आणि याची त्यांना अजून रुखरुख आहे. तुझा पगार मात्र तुझ्या नावाच्या खात्यात येऊ दे आणि पासबुक तुझ्याजवळ. आईंचा पगार पहिली अकरा वर्षं सासरे मोजून घ्यायचे. सेवापुस्तकात माहेरचं नाव, बँकेत सासरचं आणि आधार कार्डावर तिसरंच, असं होऊ देऊ नकोस. रुजू होतानाच सगळीकडं एक नाव कर आणि वारसाची नोंद भर. आईंना निवृत्तीच्या वेळी या एका नावापायी तीन महिने खेटे घालावे लागले.

आणि बदलीचा हुकूम आला तर? हे मी मुद्दाम विचारलं. आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, 'घरात सांगावं. जायचं नसलं तरी सांगावं.'

मी जूनमध्ये रुजू झाले. पहिले पंधरा दिवस आई शिरूरला राहायला आल्या आहेत, त्यानंतर काय ते बघू. धाकटा पहिल्या दिवशी रडला, दुसऱ्या दिवशी आजीबरोबर नदीवर म्हशी बघायला गेला. सोमवारी पहाटे पाचला उठून मी पितळी डब्यात दशम्या भरल्या. हे पाण्याची बाटली भरत होते. आईंनी एक दशमी मोडून तोंडात टाकली आणि म्हणाल्या, 'मीठ कमी आहे.'